गोष्टीला तुलनेचं गाव नसतं

शंकेखोर : साबण विकायचाय, गोष्ट सांगा. नोकरी हवीय, गोष्ट सांगा. संशोधनाला निधी, पक्षाला मतं, नाटकाला प्रायोजक, काहीही मागायला निघालेल्या माणसाला हल्ली हा एकच सल्ला मिळतो. मुलाखतीची तयारी करून घेणारे उमेदवाराकडून चार टप्प्यांचं उत्तर घोटून घेतात: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय येऊन पडलं, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं. लिंक्डइनवर तर याची घडणच बसून गेली आहे. एका वाक्याचा एक परिच्छेद. नोकरी गेली. खचलो. वडिलांचे शब्द आठवले. आज माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. माझा आक्षेप त्यातल्या रडव्या सुराला नाही, तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. आक्षेप असा की, गोष्ट रचणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो आणि तो शेवटाकडून मागे मागे जात तपशील वेचतो. शेवटाला जे पोषक ते राहतं, बाकीचं गळून जातं. त्याच मंदीत नोकरी गेलेली, तितकीच जिद्दी, तितक्याच भल्या वडिलांची आणि तरीही बुडालेली माणसं त्या मजकुरात येत नाहीत, कारण बुडालेला माणूस पोस्ट लिहायला बसत नाही. मग वाचणारा जिद्दीला यशाचं कारण समजतो. हे कारण तिथे कोणी सिद्ध केलेलं नसतं. दोन वाक्यं एकापुढे एक ठेवलेली असतात, इतकंच.

गोष्टीवेल्हाळ : तुम्ही वाईट गोष्टींवरून गोष्टीलाच निकालात काढता आहात. ती काढून टाकल्यावर कामाच्या जागी काय उरतं तेही बघा. उरतात ठिपके: स्लाइडवरचे, एकाखाली एक, क्रियापदं गाळलेले. २००३ च्या जानेवारीत कोलंबिया हे अवकाशयान उडालं आणि ऐंशीएक सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अजून वर होतं तेव्हाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासासाठी धोक्याचा अंदाज मांडला, तो स्लाइडवर. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं; चाचण्यांची आकडेवारी पाहता आपला अंदाज सावधपणाकडेच झुकलेला आहे, अशा अर्थाचं. शीर्षकाखाली ठिपके, ठिपक्यांखाली डॅश, त्याखाली आणखी बारीक ठिपके, आणि अगदी तळाच्या पायरीवर असं की, चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि इथला प्रश्न १,९२० घनइंचांचा आहे. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, कल्पना चावला यांच्यासह सातजण गेले. एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळाने ती आपल्या अहवालात घेतली. पुढच्याच वर्षी जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकीत पॉवरपॉइंट बंद केलं. त्याऐवजी सलग वाक्यांतलं सहा पानी टिपण, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते गप्प बसून वाचायचं. सलग लिहिताना ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘पण’ हे शब्द चुकवता येत नाहीत. ठिपक्यांत बिनदिक्कत चुकवता येतात. आधी काय झालं, मग काय, त्यामुळे काय, ही सांगणाऱ्यांची जुनी शिस्त आहे. ती पाळली असती तर ते ६४० शीर्षकात आलं असतं.

शंकेखोर : सहा पानी टिपण तुम्ही गोष्टीच्या खात्यावर जमा केलंत, ते मला मान्य नाही. त्यात नायक नसतो, संकट नसतं, शेवटी डोळे पाणावत नाहीत. तो सलग विचार आहे, आणि सलग विचाराला माझा कधीच विरोध नव्हता. त्या स्लाइडवर जे हरवलं होतं तेही नीट बघा. तिथे एक तुलना हरवली होती: ज्यावर चाचणी घेतली ते एवढं, आणि जे आदळलं ते एवढं. आता ज्याला बाजार गोष्ट म्हणतो तिच्याकडे या. एलिझाबेथ होम्स यांनी एकोणीस वर्षांच्या असताना थेरानोस काढली. बोटाच्या टोकातून रक्ताचे काही थेंब घ्यायचे, ते एका छोट्या यंत्रात घालायचे आणि त्यातून शेकडो तपासण्या करायच्या, असा दावा. व्यासपीठावरून त्या कॅन्सरने गेलेल्या एका जवळच्या नातेवाइकाबद्दल बोलत. आजार वेळेवर कळला असता तर, हा सगळ्या सभागृहाला आपला वाटणारा सल. कंपनीची किंमत ९ अब्ज डॉलरवर गेली. २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने साधा प्रश्न लावून धरला, यंत्र चालतं का? २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल त्या दोषी ठरल्या, अकरा वर्षांवर शिक्षा झाली. हे यंत्र कशासाठी, याचं उत्तर त्या गोष्टीने इतकं भरून दिलं होतं की ते कसं चालतं हे विचारणं अनेकांना असभ्यपणाचं वाटलं असावं.

गोष्टीवेल्हाळ : खोटं बोलणं हा गोष्टीचा दोष कसा? सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा ताळेबंद काय गोष्टीरूप होता? जानेवारी २००९ मध्ये अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबुली दिली तेव्हा कळलं की बँकेत दाखवलेले हजारो कोटी तिथे नव्हतेच. लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या, रकाने जुळलेले होते, शेअरबाजार खूश होता. माणूस गोष्टीपुढे वाकतो त्याहून आकड्यांपुढे जास्त वाकतो. आपल्याला त्यातलं कळत नाही हे म्हणायची त्याला लाज वाटते. गोष्टीला निदान प्रत्येकजण नाक मुरडू शकतो. आणि तिला वेसण घालायची रीत आपल्याकडे जुनी आहे. नारदीय कीर्तन घ्या. बुवा उभे राहतात, नमन होतं, मग एखादा अभंग घेऊन त्याचं निरूपण चालतं. शास्त्रवचनं येतात, संतांची प्रमाणं येतात, शंका काढून त्यांचं निरसन होतं. हा पूर्वरंग. मध्ये नामाचा गजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. आणि आख्यान कितीही रंगलं तरी शेवटी बुवांना पुन्हा मूळ पदावर यावं लागतं. पूर्वरंगाला पेंगणारे उत्तररंगाला सावरून बसतात, हे काय कीर्तनकारांना कळत नव्हतं? तरी त्यांनी क्रम बदलला नाही.

शंकेखोर : म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूची साक्ष काढलीत. आख्यान रंगायच्या आधी जे पटवायचं ते पटवून झालेलं असतं. शिवाय हरिश्चंद्राचं राज्य जाणार, त्याला स्मशानात राबावं लागणार आणि अखेर सगळं परत मिळणार, हे समोर बसलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बुवा नवी माहिती देत नाहीत, आणि हरिश्चंद्राचं भलं झालं म्हणून सत्य बोलणं फायद्याचं आहे असा निष्कर्षही काढत नाहीत. आजच्या सादरीकरणात पूर्वरंगच उडालेला आहे. पडदा वर जातो तोच आख्यानावर, शेवट झाकलेला असतो, आणि तो उलगडला की त्यालाच पुरावा मानून टाळ्या पडतात. यावर मोजमापही झालं आहे. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक अभ्यास छापला. लोकांना एक कथा वाचायला दिली आणि जिथे काही खोटं, न पटणारं वाटेल तिथे खूण करायला सांगितलं. कथेत जो जितका रमला, त्याच्या खुणा तितक्या कमी, आणि कथेला धरून असलेली त्याची मतं तितकी पक्की. मजकुरावर ‘सत्यकथा’ लिहिलंय की ‘काल्पनिक’, याने फारसा फरक पडला नाही. रमणं आणि तपासणं ही दोन कामं एका वेळी होत नाहीत, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे.

गोष्टीवेल्हाळ : एकट्या गोष्टीपुढे तुमचा माणूस हतबल होतो, हे घ्या मान्य. पण गोष्ट एकटीच का असावी? पंचतंत्र आपण मुलांच्या हातात देतो आणि विसरतो. ते राजपुत्रांना कारभार शिकवायला रचलेलं आहे, आणि त्यातला कारभार गोष्टींनी चालतो. तिसरं तंत्र, काकोलूकीय, म्हणजे कावळे आणि घुबडं यांचं वैर. कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी, आपल्याच राजाने मारून टाकून दिल्याचं सोंग करून घुबडांच्या हद्दीत पडतो. घुबडांचा राजा अरिमर्दन मंत्र्यांना विचारतो, याचं काय करावं? रक्ताक्ष म्हणतो, ठार करा. दुसरा म्हणतो, शरण आलेल्याला मारू नये, आणि पारध्यासाठी स्वतःला आगीत झोकून देणाऱ्या कबुतराची गोष्ट सांगतो. आणखी एकजण ब्राह्मणावर टपलेल्या चोराची आणि राक्षसाची गोष्ट काढतो: दोघे आपसांत भांडले आणि ब्राह्मण वाचला, तेव्हा शत्रूंमधलं भांडण आपल्या फायद्याचं. रक्ताक्ष त्यांना प्रतिगोष्टींनीच उत्तर देतो. याहून चांगली संचालक मंडळाची बैठक मी तरी वाचलेली नाही. प्रत्येक प्रस्तावामागे एक गोष्ट, प्रत्येक गोष्टीवर दुसरीचा मारा. तुम्हाला हवी असलेली तपासणी इथे आहे, आणि ती गोष्टीच्याच भाषेत आहे.

शंकेखोर : आणि पुढे काय झालं? अरिमर्दनाने कानाला गोड लागणाऱ्या गोष्टी निवडल्या. रक्ताक्ष आपले आप्तसोबती घेऊन ती गुहा सोडून गेला. स्थिरजीवी रोज एकेक काटकी आणून गुहेच्या तोंडाशी घरट्याच्या नावाखाली रचत राहिला आणि दिवसा आंधळी झालेली सगळी घुबडं त्याच काटक्यांत जळाली. पाच मंत्री, पाच गोष्टी, आणि त्यातली कुठली या प्रसंगाला लागू आहे हे ठरवायचं माप कोणाहीकडे नव्हतं. कबुतराची गोष्ट खोटी नव्हती, गैरलागू होती. गोष्टीने गोष्ट खोडता येत नाही. फार तर श्रोत्याची मर्जी बदलते. खोडायला वेगळं हत्यार लागतं, आणि ते महाराष्ट्रातच फार सुंदर वापरलं गेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं: वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शन द्यायचं. या आरोग्यदूत बायकांनी वाचवलेल्या एकेका बाळाची गोष्ट सांगून सर्चला जग जिंकता आलं असतं. त्यांनी ३९ गावांत हे काम केलं आणि शेजारची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. कामाच्या गावांत नवजात मृत्यूंचा दर हजारी ६२ वरून २५.५ वर आला, तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये आलं आणि पुढे देशाचं धोरण बदललं. मी लिंक्डइनबद्दल मघाशी जे म्हणत होतो ते हेच. गोष्टीला तुलनेचं गाव नसतं. जिथे तेच औषध दिलं नाही तिथे काय झालं, हे तिला सांगताच येत नाही.

गोष्टीवेल्हाळ : गडचिरोलीचं अर्धंच सांगितलंत. त्याच मंडळींनी महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल २००१ मध्ये लोकांपुढे ठेवला, त्याचं नाव काय ठेवलं? ‘कोवळी पानगळ’. विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत खळबळ माजली ती काय एखाद्या दशांश चिन्हाने माजली असती? आकडा मिळवणाऱ्यांनाच नाव देण्याची गरज भासली, याचा विचार करा. आता मोठी हरकत. तुलनेची गावं उभी करायला वर्षं लागतात, पैसा लागतो, शिकलेली माणसं लागतात. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी काय करायचं? दया पवारांचं बलुतं हे आत्मकथन १९७८ साली आलं, पाठोपाठ आठवणींचे पक्षी, उपरा आणि इतर. जातीचे तक्ते इंग्रजांच्या शिरगणतीपासून होते. कोणत्या गावात किती महारवाडा, किती साक्षर, सगळं लिहिलेलं. त्या तक्त्यांनी मराठी मध्यमवर्गाची झोप कधी उडवली नाही. दया पवारांनी उडवली. तिथे जर कोणी म्हटलं असतं, थांबा, तुमचं एकट्याचं उदाहरण झालं, नमुना पुरेसा नाही, तर ते शास्त्र झालं असतं की तोंड दाबणं? मोजणारा नेहमी कोणीतरी असतो आणि मोजला जाणारा दुसराच कोणी. तुमची अट न्याय्य दिसते, पण तिचा भार दोघांवर सारखा पडत नाही. मोठी कंपनी सर्वेक्षण विकत घेते. शेतमजूर बाईकडे तिचा दिवस कसा गेला, एवढंच असतं.

शंकेखोर : या हरकतीपुढे मी थांबतो. पुरावा मागणं हे पुष्कळदा हत्यार असतं, आणि ते खालच्यावर चालतं, हे खरं. पण बलुतं साक्ष देतं कसं, ते बघा. दगडू मारुती पवार बोलतो आहे आणि दया पवार ऐकतो आहे. एकाच माणसाचे दोन भाग, एक भोगलेला आणि एक शिकून पुढे आलेला. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची लाज वाटते, बोलणारा त्याला सोडत नाही, आणि लेखक स्वतःलाही सवलत देत नाही. शेवटी सगळं छान झालं असं तिथे कोणी म्हणत नाही. म्हणजे विचारणारा त्या कथनाच्या आतच बसवलेला आहे. मला छळतं ते असं की, ज्यांना मोजमाप सहज परवडतं त्यांनी हा साक्षीचा सूर उसना घेतला. अब्जावधींची कंपनी आपल्या जाहिरातीत ‘आमचा प्रवास’ म्हणते, आणि प्रवासाला पुरावा मागायचा नसतो. डिजिटल माध्यमाने यावर कळस चढवला. यूट्यूबवर व्हिडिओ टाकणाऱ्याला आलेख दिसतो, कितव्या सेकंदाला किती प्रेक्षक उरले. जिथे रेषा घसरते तिथली जागा पुढच्या वेळी कापली जाते. आणि रेषा कुठे घसरते? ‘पण याला अपवाद आहेत’ म्हणायला सुरुवात केली की. कोणी ठरवून न करता सगळे ‘पण’ आणि ‘तरीही’ गाळले जातात. ठिपक्यांच्या स्लाइडबद्दल तुमची तक्रार हीच होती ना?

गोष्टीवेल्हाळ : समोरच्याचा कंटाळा ओळखून सांगणं बदलायचं हे कीर्तनकाराने केलं, तमाशातल्या सोंगाड्याने केलं. गाडगेबाबा तर उभ्या कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर घेतल्याशिवाय पुढे जात नसत. आलेख म्हणजे ती जांभई, आकड्यांत मोजलेली. आकडे तर तुम्हाला आवडतात! आणि डिजिटल म्हणजे तीस सेकंदच, हेही खरं नाही. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ मध्ये भारतात आली ती इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी पुस्तकं घेऊन, आणि आठ-आठ, दहा-दहा तासांच्या कादंबऱ्या लोक फोनवर ऐकू लागले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार हे तिघं गावोगाव कथाकथन करत हिंडले, त्या सवयीचंच हे पुढचं पाऊल. दुसरं असं की, ज्यांना छापील मासिकात कोणी उभं केलं नसतं, ते आपल्या बोलीत, आपल्या परसातून बोलू लागले. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी पूर्वी इतकी ऐकू येत नव्हती. याला तुम्ही काटछाट म्हणता?

शंकेखोर : मिरासदार व्यासपीठावर आले की सगळ्यांना माहीत असे, आता थाप ऐकायची आहे, आणि थाप जितकी मोठी तितकी मजा मोठी. त्या गोष्टीच्या भरवशावर कोणी कर्ज काढत नसे. माझा वाद कलेशी नाहीच. तोच मोकळाढाकळा सूर, तीच बोली वापरून एखादा जेव्हा सांगतो की या फंडात पैसे टाकून माझ्या बहिणीचं लग्न निघालं, तेव्हा मी अस्वस्थ होतो. जाहिरातदारांच्याच मानक परिषदेने २०२१ पासून अशा मजकुरावर ‘जाहिरात’ अशी खूण बंधनकारक केली, सेबीनेही पुढे आर्थिक सल्ल्याच्या बाबतीत लगाम आवळला. हे हवंच. पण ‘काल्पनिक’ असं लिहूनही वाचणारा तितकाच वाहवतो, हे मघाच्या अभ्यासात आलंच आहे. खुणेने कायद्याचं समाधान होईल, श्रोत्याचं काय? आणि बाबांचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून म्हणतो, त्या माणसांना बाबांना तोंडावर उत्तर देता येत होतं आणि ते उत्तर शेजारच्यालाही ऐकू जात होतं. जांभई ऐकू जात नाही. जो उठून गेला तो का गेला, हे उरलेल्यांना कधी कळत नाही.

गोष्टीवेल्हाळ : मग तुमच्या मते रीतसर मागणं कसं असावं, ते एका खऱ्या माणसावर लावून बघू. १९१२. फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले आहेत. चित्रपट काढायचा आहे, पैसे नाहीत, आणि इथे कोणी पूर्ण लांबीचा असा चित्रपट केलेला नाही. तुलनेचं गाव आणायचं कुठून? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला, आणि महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण करत कोंब फुटण्यापासून वेल वर चढेपर्यंत सगळं टिपलं. मिनिटभराची फिल्म झाली, ‘अंकुराची वाढ’. पैसे देऊ शकतील अशा निवडक लोकांना ती दाखवली, कर्ज मिळालं, सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले, आणि १९१३ च्या मे महिन्यात गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लागला. यात तुम्हाला पुरावा दिसेल, मला गोष्ट दिसते: सुरुवात, वाढ, कळस, सगळं मिनिटभरात.

शंकेखोर : मला दोन्ही दिसतात, आणि म्हणूनच हे उदाहरण मला होम्स यांच्या शेजारी ठेवावंसं वाटतं. फाळक्यांनी वाटाणा दाखवला. म्हणजे हातातलं यंत्र काय करू शकतं ते दाखवलं आणि बाकीचं स्वप्न म्हणून मोकळं सोडलं. होम्स यांनी स्वप्न दाखवलं आणि यंत्र झाकलं. गोष्ट दोघांकडे होती. फरक कुठली जागा उघडी ठेवली यात आहे. मी सिद्ध झालेलंच सांगा असं म्हणत नाही. तसं म्हटलं तर नवं काही जन्मालाच येणार नाही. मी म्हणतो, कुठवर पाहिलेलं आहे आणि कुठून पुढे विश्वास मागतो आहे, ती रेघ सांगणाऱ्याने स्वतः ओढावी. पूर्वरंग कुठे संपला हे कळलं म्हणजे झालं.

गोष्टीवेल्हाळ : वाटाणा वाढताना चित्रित करता येतो यावरून चित्रपट चालेल हे कसं ठरतं? कर्ज देणाऱ्यांनी त्याच फटीवर उडी मारली, आणि ती रेघ फाळक्यांनी मोठ्याने वाचून दाखवली असती तर किती जणांनी खिशात हात घातला असता, सांगता येत नाही. तुम्हाला अभ्यास आवडतात म्हणून एक देतो. २००७ मध्ये डेबोरा स्मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना पाच डॉलर देऊन, त्यातले हवे तितके दान करा म्हटलं. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकिकत दिली, काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी, काहींना दोन्ही. रोकियाला सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकडेवारीला १.१४. आणि मुलीच्या हकिकतीला आकड्यांची जोड दिल्यावर, म्हणजे तुम्ही मागता तसा पूर्ण हिशेब पुढे ठेवल्यावर, १.४३. तुमच्या रेघेची किंमत एका अर्थी इथे छापून आलेली आहे. ती कोणी भरायची? तुम्ही नाही भरणार. रोकिया भरणार. तिच्यासाठी पैसे गोळा करणाऱ्या संस्थेला तुम्ही कुठल्या तोंडाने सांगाल की आकडे गाळू नका?

शंकेखोर : त्या संस्थेला सांगायची माझी छाती होणार नाही. पण तो निकाल पुढे नेऊन बघा. प्रत्येक संस्था आकडे गाळायला लागली तर पैसा कुठे जाईल? ज्याच्याकडे सांगण्याजोगी मुलगी आहे तिथे. हिवतापाने आणि हगवणीने मरणाऱ्यांकडे तशी एकटी मुलगी नसते, ती लाखांनी असतात, आणि तुमच्याच अभ्यासाप्रमाणे लाखांना १.१४. मघाशी तुम्ही म्हणालात, मोजमापाचा भार दोघांवर सारखा पडत नाही. गोष्टीचा तरी पडतो का? ज्याला नीट बोलता येत नाही, ज्याचा शेवट गोड झालेला नाही, त्याच्या वाट्याला काय येतं?

गोष्टीवेल्हाळ : त्याच्या वाट्याला दोन्हीकडून थोडंच येतं, हे कबूल. तरी मोजणाऱ्याकडे त्याला कोणीतरी आणून उभं करावं लागतं, आणि कोणाला आणायचं हे ठरतं ते कोणाबद्दल आधी ऐकलं यावरून. गडचिरोलीतली ती ३९ गावं तरी कशी निवडली गेली असतील? तिथल्या बायकांचं कोणीतरी आधी ऐकून घेतलं असेल, मग वह्या उघडल्या असतील.

शंकेखोर : असेल. पण वह्या उघडल्यावर त्यांनी शेजारच्या ४७ गावांतही नोंदी ठेवल्या, जिथे सांगण्यासारखं काहीच घडत नव्हतं. त्या नोंदी ठेवायला लावील असं कुठलं कथन आहे, ते मला दाखवा.